हजार हातांचं नाव

सरकारदरबारी आपण एक नसून दोन आहोत, हे बेजोला कळलं ते पासपोर्टच्या खिडकीशी. तोवर सगळं कसं झकास चाललं होतं. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी ठरली होती, भाषेची परीक्षा पार पडली होती, आणि त्याच्या आईने, लास्मीने, अर्ध्या गावाला ही बातमी दोन-दोनदा सांगितली होती. खिडकीतल्या बाईने त्याचे कागद पुढे-मागे केले आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "शाळेच्या दाखल्यावरचा बेजो म्हणजे तुम्ही. मग जन्मदाखल्यावरचे हे महाराज कोण?"

जन्मदाखल्यावर ऐटीत लिहिलं होतं : सस्रबाहू विजयनिंग्रात.

"तोही मीच," बेजो म्हणाला. मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"विमानात दोघांपैकी एकच बसेल," बाई म्हणाली. "शाळेचा दाखला काही बदलत नाही. कोर्टात अर्ज करा, जन्मदाखल्यावरचं नाव बदलून घ्या, मग या."

आता वोनोगिरीच्या डोंगरातल्या आमच्या गावात हे काही गुपित नव्हतं. गुपित असायला ते निदान एकाला तरी माहीत नसावं लागतं. ते भरजरी नाव दिलं होतं बेजोच्या आजोबांनी, लास्मीच्या बापाने, म्बाह पोनिमिनने. आमच्याकडे आजोबाला म्बाह म्हणतात. म्हातारा उभा जन्म वायांगच्या, म्हणजे पडद्यावरच्या सावल्यांच्या बाहुल्यांच्या, फडात गोंग वाजवत आला. गोंगवाल्याचं काम मोठं गमतीचं. बाकीचे वादक घाम गाळतात, आणि याने मांडी घालून वाट बघायची. सगळं फिरून जागेवर आलं की एकच ठोका. घुम्म! की पुन्हा वाट बघा. एवढ्या मोकळ्या वेळात माणूस करणार काय? पडद्यावरच्या राजांची नावं ऐकणार. त्यातला हजार हातांचा राजा सस्रबाहू म्हाताऱ्याच्या मनात जाऊन बसला. मुलीला मुलगा झाला तसं त्याने कुणाला न विचारता ते नाव नोंदवून टाकलं, वर विजयनिंग्रातचं शेपूटही जोडलं.

पोरगं वर्षाचं व्हायच्या आत वाळायला लागलं. ताप, जुलाब, पुन्हा ताप. शेजारची बू जुम टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, करून विकते, आणि मत मात्र फुकट देते. ती एक दिवस पाळण्यात डोकावून म्हणाली, "अगं लास्मी, याला दोन हातांत दुधाची बाटली धरवत नाही, आणि नाव कुणाचं तर हजार हातांच्या राजाचं! जड झालंय नाव. दाबून टाकेल पोराला. उतरव आधी."

नाव जड झालं की उतरवायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तांदळाची खीर करायची, अर्धी पांढरी, अर्धी ताडाच्या गुळाने लाल केलेली, चार शेजारी बोलवायचे आणि पोराला हलकं-फुलकं नाव द्यायचं. फक्त एक रीत आहे. ज्याने नाव दिलं, त्यानेच ते आपल्या तोंडाने परत घ्यायचं. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

"परत घेऊ?" म्बाह पोनिमिन कडाडले. "मी काय लग्नाची भांडी भाड्याने देतो? दिलं ते दिलं!" असं म्हणून ते फडाबरोबर परगावी निघून गेले. आजीने, देव तिचं भलं करो, खीर एकटीने केली आणि पोराला नाव दिलं बेजो, म्हणजे नशीबवान. महिनाभरात पोर असं गरगरीत झालं की विचारू नका. तालुक्याच्या डॉक्टरने त्याच महिन्यात सुयाही टोचल्या होत्या, पण त्याला कोण मोजतो! गाव बेजो म्हणायला लागलं, शाळेत मास्तरांनी बेजोच लिहिलं, आणि जन्मदाखला ट्रंकेच्या तळाशी पडून राहिला.

म्बाह पोनिमिनने मात्र बेजो हे नाव कधी उच्चारलं नाही. नातवाला हाक मारायची तर "ले!" आमच्याकडे कुठल्याही पोराला ले म्हणतात, त्यामुळे म्हाताऱ्याला पकडायची सोय नव्हती. पण घरात सगळ्यांना कळत होतं. बेजोलाही. पुढे म्हाताऱ्याने एक मेंढा पाळला आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून त्याचं नाव ठेवलं सस्रबाहू. मेंढा दोन महिन्यांत मेला. आमच्या गावाने काय मानायचं ते मानलं.

आणि आता कोर्टाला साक्षीदार हवे होते, दोन.

"एक बू जुम," लास्मी बापाला म्हणाली. "दुसरे तुम्ही, पाक." बापाला, आणि कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाला, आमच्याकडे पाक म्हणतात.

"गावातले बाकीचे सगळे मेले का?"

"आईने तुमच्या माघारी नाव उतरवलं म्हणून ते धड उतरलंच नाही. बघा ना, दाखल्यावर चिकटून बसलंय अजून. या वेळी रीतीने होऊ दे."

"रीतीने! माझंच नाव, मीच मारायचं, तेही शपथेवर! आणि कशासाठी? तर या पोराने परदेशातल्या म्हाताऱ्यांच्या पाठी चोळाव्यात म्हणून. इथला म्हातारा आपली पाठ भिंतीला घासेल, काय?"

लास्मीने कपाळाला हात लावला आणि आत गेली. बेजो ओट्यावर आजोबांच्या शेजारी बसून राहिला. पोरगा तसा हसरा, कशाचं फार मनाला लावून न घेणारा. पण त्या दिवशी तो हसला नाही.

"म्बाह, साक्षीदार मला दुसराही मिळेल," तो म्हणाला. "सरपंचसुद्धा येईल. पण तुमचं नाव तुमच्या पाठीमागे टाकून यायला मला लाज वाटते. एकदा झालं ते झालं. तेव्हा मी लहान होतो."

म्हातारा बराच वेळ दाराकडे बघत बसला. गोंगवाला तो, त्याला घाई माहीतच नव्हती. वीस-एक वर्षांपूर्वी दिलेलं ते नाव आता एका कागदावर, एका ट्रंकेत तेवढं जिवंत होतं. ते पुसलं की संपलं. मग जणू कधी दिलंच नव्हतं. हे त्यांना सहन होईना, आणि नातवाचा रस्ता अडवून बसणंही जमेना.

"येतो," शेवटी ते खेकसले. "पण खोटं बोलणार नाही, सांगून ठेवतो. तो मेंढा नावाने मेला नव्हता."

कोर्टाच्या दिवशी म्हाताऱ्याने ठेवणीतला बाटिकचा शर्ट घातला, काळी टोपी चढवली आणि पायात बुटांचा जोड. तो जोड जावयाचा होता. जावई समुद्रापलीकडे कालिमंतानला पामतेलाच्या मळ्यात कामाला, पण त्याचे बूट गावातच, आणि म्हाताऱ्याला दोन बोटं मोठे. म्हातारा चालला की आधी पाय जायचा, मग बूट. बू जुमने येताना टेम्पेचं भजं एवढं आणलं होतं की बसमध्ये ड्रायव्हरपासून सगळ्यांना वाटून उरलं. "कोर्टात उपाशी माणसाची जीभ अडखळते," ती म्हणाली.

"तुझी अडखळली तर मी नवस फेडीन," म्बाह पोनिमिन म्हणाले.

कोर्ट म्हणजे म्हाताऱ्याला वाटलं होतं बेड्या, पोलीस, आरडाओरडा. निघाली एक थंडगार खोली, आणि उंच खुर्चीवर एकच न्यायाधीशबाई. लास्मीच्याच वयाची, गालाला खळी पडणारी. शेजारी टिपून घेणारा कारकून. बेजोने उभं राहून आपलं म्हणणं सांगितलं : जन्मनोंदणीत एक नाव, बाकी जगात दुसरं, जगातलं तेवढं ठेवावं ही विनंती.

मग बू जुमच्या डोक्यावर कुराण धरून शपथ झाली, आणि तिला रान मोकळं मिळालं. पोराचा ताप, बाटली, खीर, खिरीत गूळ किती, सगळं तिने रंगवून सांगितलं. "आणि जड म्हणजे किती जड, बाईसाहेब!" ती शेवटी म्हणाली. "यांनी तेच नाव मेंढ्याला दिलं. चांगला शिंगं वळलेला मेंढा! दोन महिन्यांत आडवा! मेंढ्यालासुद्धा झेपलं नाही, तिथं माणसाच्या लेकराची काय कथा!"

"खोटं!" मागच्या बाकावरून आवाज आला. म्बाह पोनिमिन उभे होते, एक बूट बाकाखालीच राहिला होता. "तुझ्या टेम्पेच्या प्लास्टिकच्या पिशव्या खाऊन मेला तो! सांग की शपथेवर!"

"अगं बाई! माझ्या पिशव्या? केळीच्या पानात बांधते मी टेम्पे!"

"पाऊस आला की प्लास्टिकात!"

न्यायाधीशबाईंनी हातोडा उचलला, पण आपटला नाही. त्यांना हसू आवरायला हात मोकळा हवा होता. "मेंढा हा या अर्जाचा विषय नाही," त्या म्हणाल्या. "आजोबा, बसा. तुमची पाळी येतेच आहे."

पाळी आली. शपथ झाली. म्हाताऱ्याने टोपी नीट केली.

"नाव कुणी ठेवलं होतं?"

"मी."

"एवढं मोठं का?"

हा प्रश्न म्हाताऱ्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. जो तो सांगतच आला होता, मोठं झालं म्हणून. ते जरा गडबडले.

"बाईसाहेब, मी पोनच्या बाजाराच्या दिवशी जन्मलो, म्हणून पोनिमिन. माझा भाऊ वागेच्या बाजाराला, म्हणून वागिमान. धाकटा लेगीचा, तो लेगिमान. बापाला शेताची घाई. बाजार कुठला ते बघायचा आणि हाक मारायला लागायचा. बाजारात कुणी पोनिमिन म्हणून ओरडलं की पाच-सहा जण वळून बघतात. आणि फडात मी ऐकायचो राजांची नावं. सूत्रधार नाव घ्यायचा लांबलचक, आणि ते संपलं की मी ठोका द्यायचो. राजाच्या नावाखाली माझा गोंग. मला वाटलं, आपल्या घरातही एक असावा, ज्याच्या नावाखाली गोंग वाजावा. बाकी काही नाही."

कारकुनाचं लिहिणं थांबलं होतं. बू जुमसुद्धा गप्प होती, यावरून काय ते समजा.

"नावामुळे मूल आजारी पडलं असं तुम्हाला वाटतं?"

"नाही माहीत. डॉक्टरने सुया दिल्या, बायकोने खीर केली, पोर बरं झालं. आता भांडू कुणाशी?"

"तुम्ही याला काय म्हणता?"

"ले म्हणतो."

"ते झालं. नावाने?"

"घरात पोर एकच आहे," म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला. "नाव घ्यायची वेळच येत नाही."

बेजोने मान खाली घातली. न्यायाधीशबाईंनी ते पाहिलं, आणि आवाज जरा खाली आणून विचारलं, "नाव बदलायला तुमची हरकत आहे का, पाक पोनिमिन?"

लास्मीने मागे श्वास रोखला. जपान, नोकरी, पोराचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका तोंडात अडकलं होतं. म्हाताऱ्याने आधी टोपी पुन्हा नीट केली. ठोका कधी द्यायचा, ते गोंगवाल्यालाच कळतं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "मी दिलेलं नाव मी याच्यावरून काढून घेतो." लास्मीचा श्वास सुटला. "पण एक विचारू? काढलेलं नाव जातं कुठं?"

"कुठं म्हणजे? कुठंच नाही. संपतं."

"असं कसं संपतं! अंगरखा लहान झाला म्हणून काय चुलीत घालतात? घरात दुसऱ्या कुणाला होतो का बघतात आधी." म्हाताऱ्याने छाती पुढे काढली. "मला होईल ते. मला देऊन टाका."

सगळी खोली खो-खो हसली. लास्मी तेवढी नाही. न्यायाधीशबाईंनीही हसून घेतलं आणि म्हणाल्या, "असं देता येत नाही, आजोबा. त्यासाठी तुम्हाला स्वतःचा अर्ज करावा लागेल. दोन साक्षीदार आणावे लागतील." मग त्यांनी बेजोचा निकाल वाचला, नाव बदलायला मंजुरी दिली आणि हातोडा आपटला. टॉक!

"एकच ठोका," म्बाह पोनिमिन बाहेर पडताना पुटपुटले. "बाई आपल्यातली आहे." आणि डावी-उजवीकडे न बघता ते अर्जाच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

घरी जो तमाशा झाला तो काय सांगावा! लास्मी रडायलाच लागली. "पाक, मेंढा मेला! धडधाकट मेंढा! तुमचं वय काय, गुडघे काय! एवढं नाव अंगावर घेऊन उद्या आडवे झालात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? पोरगा जपानला, नवरा कालिमंतानला!"

"मेंढा पिशव्या खाऊन—"

"ते असू दे! लोकांची पोरं म्हाताऱ्यांना जपतात, आणि इथं म्हातारा स्वतःच दगड गळ्यात बांधून घेतोय!"

गावातही दोन तट पडले. कुणी म्हणे म्हातारचळ लागला, कुणी म्हणे मोठेपणी नाव बदलायची रीत आपल्यात आहेच, लग्न झालं की पूर्वी बदलतच. बू जुम दोन्ही तटांत होती. "नाव जड आहे हे मी शपथेवर सांगितलंय, ते काही मागे घेणार नाही," ती म्हणाली, "पण साक्षीदार म्हणून मीच येणार. नाहीतर हे मेंढ्याचं खापर माझ्या टेम्पेवर फोडून मोकळे होतील."

दुसरा साक्षीदार म्हणून म्हाताऱ्याने नातवाकडे बोट दाखवलं. तोवर बेजोचा पासपोर्ट आला होता, जायची तारीखही आली होती. लास्मीने मुलाला स्वयंपाकघरात गाठलं. "तू नाही म्हण. तुझं ऐकतील ते. तुझ्यावरून काढलेलं आहे ते, तुला माहीत आहे कसं असतं."

"मला काहीच आठवत नाही, आई," बेजो म्हणाला. खरंच होतं. वर्षाच्या आतल्या पोराला काय आठवणार? पण मग तो तिथेच चुलीपाशी बसला, आणि त्याला बाकीचं आठवायला लागलं. फडातून परत येताना आजोबा त्याच्यासाठी खाऊ आणायचे आणि हातात देताना एक क्षण थांबायचे. तोंड उघडायचे, आणि मग म्हणायचे, "घे, ले." दर वेळी तो एक क्षण. लहानपणी बेजोला वाटायचं, म्हाताऱ्याला दम लागतो.

दुसऱ्या सुनावणीला तीच खोली, त्याच न्यायाधीशबाई. म्हातारा या वेळी स्वतःच्या चपला घालून आला होता, आणि कोर्टात चपला चालत नाहीत असं शिपायाने सांगितल्यावर त्या दाराबाहेर काढून अनवाणीच आत शिरला. लास्मी आली होती, पण तोंड फुगवून, ओढणीने डोळे पुसत, कोपऱ्यात. बू जुमने साक्ष दिली, आणि आश्चर्य म्हणजे थोडक्यात दिली. मग बेजो उभा राहिला.

"अर्जदाराचे तुम्ही कोण?"

"नातू."

"मागच्या खेपेला हेच नाव तुमच्यावरून उतरवलं आम्ही," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण नजर कोपऱ्यातल्या लास्मीकडे होती. "कायद्याला नावाचं वजन करता येत नाही. पण घरच्यांना काळजी दिसते. तुम्ही शपथेवर आहात म्हणून विचारते. तुमच्या आजोबांना हे नाव जड होईल का?"

बेजोने आजोबांकडे पाहिलं. म्हातारा ताठ बसला होता, हात मांडीवर, आतापर्यंत सगळे राजे येऊन गेले आणि आता शेवटचा ठोका तेवढा राहिलाय, असा.

"माझ्यावर ते नाव वर्षभरही नव्हतं, बाईसाहेब," बेजो म्हणाला. "मग सगळ्यांनी मिळून ते खाली ठेवलं. त्यानंतर इतकी वर्षं हे एकटेच ते उचलून फिरताहेत. कधी कुणाजवळ दिलं नाही, कधी टाकलं नाही. काही झालं नाही त्यांना."  "उलट आता कागदावर ठेवलं तर खांदे मोकळे होतील."

कोपऱ्यात लास्मीने ओढणी तोंडाला लावली, आणि या वेळी ते रडणं निराळं होतं. बू जुमने मोठ्यांदा नाक शिंकरलं.

न्यायाधीशबाईंनी निकाल वाचला. मंजूर. यापुढे अर्जदाराचं नाव, असं म्हणून त्यांनी ते सगळं वाचलं, सावकाश, एक अक्षर न खाता : सस्रबाहू विजयनिंग्रात. आणि हातोडा आपटला.

म्हाताऱ्याचा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला आणि हवेत थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला, आणि त्याच हाताने डोळे पुसले, कुणाला दिसू नये म्हणून टोपी सारखी केल्यासारखं करत. पण आम्हा सगळ्यांना दिसलं.

बाहेर व्हरांड्यात चपलांची ही गर्दी. म्हातारा वाकून शोधायला लागला, गुडघा कुरकुरला, तसा सरळ झाला. नातू चार पावलं पुढे शिपायाशी बोलत उभा होता.

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, आणि नेहमीसारखा एक क्षण थांबला.

"बेजो," ते म्हणाले. "माझ्या चपला कुठायत, बघ जरा."

बेजो वळला नाही. शिपायाला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पण त्याच्या पाठीवरूनच कळत होतं की गेलंय.

"बहिरा झालास का रे, बेजो?"

"आलो, म्बाह," बेजो म्हणाला, आणि चपला शोधायला खाली बसला तो बराच वेळ वर बघायला तयार होईना.